लाल बदामांची तपासणी

लतिकाबाईंनी लाल घोटीव कागदाची घडी घातली, नखाने दाबून घेतली आणि कात्री लावली. कात्री घडीच्या कडेने वर चढली, वळली आणि सरसर खाली उतरली. घडी उलगडली तसा टेबलावर एक बदाम पडला.

"आई, किती पटकन!" तेजस्विनी म्हणाली. तिच्या हातातला, पेन्सिलीने आखलेला पहिलाच बदाम अजून पुरा व्हायचा होता आणि त्याचा एक गाल दाढ दुखत असल्यासारखा सुजलेला होता.

"कात्री नाही गं फिरवायची, कागद फिरवायचा. बघ, असा."

दुसरा शनिवार असल्याने तेजस्विनीच्या बँकेला सुट्टी होती. पुण्याला नोकरी करणारा तिचा नवरा विहंग संध्याकाळपर्यंत घरी पोचणार होता. लग्नानंतरचा त्यांचा हा पहिलाच व्हॅलेंटाइन. दुकानातली तयार सजावट तिला आवडली नव्हती. 'सगळ्यांच्या घरी तेच ते,' असं म्हणत ती नाशिक रोड स्टेशनजवळच्या स्टेशनरीवाल्याकडून लाल-गुलाबी घोटीव कागद, डिंकाची बाटली आणि लाल लोकरीचा गुंडा घेऊन आली होती. हे असले दिवस म्हणजे नसती थेरं, असं लतिकाबाईंचं स्पष्ट मत होतं. पण समोर कोरा कागद आणि धारदार कात्री असताना त्यांच्याने स्वस्थ बसवत नसे. मत बाजूला ठेवून त्या केव्हाच टेबलाशी येऊन बसल्या होत्या.

लतिकाबाईंचे यजमान ढुंढिराज खिडकीपाशी खुर्चीत बसून सकाळीच वाचून झालेलं वर्तमानपत्र पुन्हा वाचत होते.

"तेजस्विनी," ते म्हणाले, "पंखा बंद करायला सांग. कागद उडतायत."

सांगायचं कुणाला, हे उघडच होतं. त्यांच्यात आणि लतिकाबाईंत चार हातांचंसुद्धा अंतर नव्हतं.

"तेजू, त्यांना म्हणावं, बटण त्यांच्याच डोक्यावर आहे."

तेजस्विनीने मुकाट्याने उठून पंखा बंद केला. गेला महिनाभर ती या घरातलं टपाल खातं सांभाळत होती.

अबोला संक्रांतीपासूनचा. लोक एकमेकांना गोड बोला म्हणतात, नेमक्या त्या दिवशी या घरातलं बोलणं बंद पडलं. सुनेची पहिली संक्रांत म्हणून लतिकाबाईंनी तीन आठवडे खपून हलव्याचे दागिने केले होते. काळ्या कागदावर एकेक काटेरी दाणा बसवून हार, मुकुट, कंबरपट्टा, बाजूबंद, अगदी नथसुद्धा. काळी साडी आणि तो पांढराशुभ्र साज लेऊन तेजस्विनी पाटावर बसली, तेव्हा कॉलनीतल्या बायका बघतच राहिल्या. नामपूरहून आलेल्या विहीणबाई भागीबाई तर म्हणाल्या, "लय भारी केलंत हो बाई, आमच्याकडं कुणाला नाय असं जमायचं." तेवढ्यात ढुंढिराज चष्मा सावरत पुढे आले, वाकले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "उजवा बाजूबंद डाव्यापेक्षा दोन दाण्यांनी लहान आहे."

बायका हसल्या. मनाला लावून घेण्यासारखं त्या हसण्यात काही नव्हतं, पण लतिकाबाईंनी घेतलं. एकतीस वर्षं हा माणूस छापखान्यात टपाल तिकिटांचे ताव तपासत होता. कुठे रंग सरकलाय, कुठे रेघ तुटलीय, हे शोधून काढणं हेच त्याचं काम. ते काम त्याने घरातही चालू ठेवलं. रांगोळीचा ठिपका, करंजीची मुरड, स्वेटरची बाही, काही म्हणजे काही सुटलं नाही. आणि इतक्या वर्षांत 'छान झालंय' हे दोन शब्द तोंडातून पडले नाहीत. त्या रात्री लतिकाबाईंनी ठरवलं की आपल्या हातच्या कामाला हा माणूस चांगलं म्हणेल, तेव्हाच बोलायचं. तोवर नाही. निश्चय पक्का होता. पण खरं सांगायचं तर बोलण्याची आठवण त्यांना रोज येत होती. दुपारच्या चहाला तर फारच.

तासाभरात टेबलावर बदामांचा ढीग झाला. तेजस्विनीचेही आता बऱ्यापैकी जमू लागले होते. मोठ्या बदामांचं तोरण दारावर आणि बारीक बदामांच्या माळा खिडकीला, असं ठरलं.

"बाबा, तुम्ही पण या ना कापायला," तेजस्विनी म्हणाली.

"नको. मला कापता येत नाही."

"त्यांना कापता येत नाही, कापलेल्यातल्या चुका काढता येतात," लतिकाबाई कागदाकडे बघत म्हणाल्या. हे वाक्य टपालात घालायची गरज नव्हती.

ढुंढिराजांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. मघाशीही तेच उलटलं होतं.

तेवढ्यात तेजस्विनीचा फोन वाजला. नामपूरहून भागीबाईंचा होता. "हां आई," म्हणत ती गॅलरीत गेली आणि जाताना तिने दार ओढून घेतलं. लतिकाबाई चहा टाकायला आत गेल्या. आलं किसलं, दूध घातलं, चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभ्या राहिल्या. दोन कप घेऊन बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या.

ढुंढिराज टेबलाशी बसले होते. मधला ढीग मोडून त्यांनी बदामांचे दोन भाग केले होते. एकेक बदाम उचलायचा, उजेडाकडे धरायचा, कडेवरून अंगठा फिरवायचा आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायचा. सुटीत तिकीट संग्रह लावत बसलेल्या शाळकरी मुलासारखी त्यांची तंद्री लागली होती.

लतिकाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. कागदाचे बदाम! उद्या केरात जायचे. त्यांचीसुद्धा सुटका नाही?

"काय चुकलंय माझ्या बदामांत?"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ढुंढिराजांच्याही आलं. त्यांनी हातातला बदाम खाली ठेवला.

"चुकलं नाही काही."

"मग हे वेगळे कशाला काढलेत?"

"हे तुझे आहेत. ते तेजस्विनीचे."

लतिकाबाईंनी कप टेबलावर ठेवले.

"कशावरून?"

"वळणावर तुझी कात्री थांबत नाही. तिची थांबते, मग तिथे बारीकसा कोपरा येतो. हात लावून बघ."

त्यांनी तेजस्विनीच्या एका बदामाला हात लावून बघितला. कोपरा होता. पण एवढ्यावर विरघळायला त्या काही कालच्या पोरी नव्हत्या.

"आणि बाजूबंद? तो तर माझाच होता. त्याचा पाणउतारा चारचौघींत केलात."

ढुंढिराजांनी समोरचा ढीग हाताने सारखा केला. मग चहाच्या कपाकडे बघत म्हणाले,

"त्या दिवशी सकाळी तू अंघोळीला गेलीस, तेव्हा सगळा साज बघितला होता मी. हार बघितला, मुकुट बघितला. नथ तर भिंग लावून बघितली. कुठे म्हणून काही सापडेना. शेवटी एक बाजूबंद सापडला."

"आणि तेवढाच सांगितलात."

"बाकीच्यांत सांगण्यासारखं काही नव्हतंच."

"अहो, त्यालाच चांगलं म्हणतात!" लतिकाबाईंचा आवाज चढला. "आणि ते तोंडाने म्हणायचं असतं!"

ते गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिले. ही गोष्ट त्यांना खरोखरच नवी असावी.

"आमच्याकडे ताव बरोबर असला की नुसता पुढे सरकवायचा," ते हळू म्हणाले. "बोलायचं ते फक्त चुकलेल्यावर. मला वाटायचं, मी गप्प बसलो की तुला कळतं."

"सदतीस वर्षं?"

"चुकलं माझं." मग म्हणाले, "साज फार चांगला झाला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. भिंग पुसावं लागलं."

महिनाभर लतिकाबाईंनी मनात धारदार वाक्यं तयार ठेवली होती. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली, कप ढुंढिराजांकडे सरकवला आणि काहीतरी करायला हवं म्हणून सुईत लोकर ओवली.

"तुझेच दाराला लाव," ढुंढिराज म्हणाले. "येणाऱ्याला आधी ते दिसतील."

त्यांनी काढून ठेवलेल्या ढिगातला एकेक बदाम घेऊन लतिकाबाई ओवू लागल्या. चौथा उचलला तेव्हा त्याच्या पाठीवर पेन्सिलीची रेघ दिसली. खोडली होती, पण पुरती गेली नव्हती. लतिकाबाई जन्मात कधी आखून कापत नसत. त्यांनी वळणावरून बोट फिरवलं. कोपरा होता. पुढचा बदाम उलटून बघितला, त्यालाही रेघ. त्याच्या खालच्यालाही.

त्यांनी मान वर केली. ढुंढिराज आणखी एक बदाम खिडकीच्या उजेडात, अगदी नाकाजवळ धरून बघत होते. चष्मा कपाळावर सरकवलेला, डोळे बारीक केलेले. हे असं नाकाशी धरणं कधीपासूनचं, लतिकाबाई आठवू लागल्या. महिनाभर त्यांनी नवऱ्याकडे नीट बघितलंच नव्हतं. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं, त्यांनी मनाशी ठरवलं.

"का गं थांबलीस?" ढुंढिराजांनी विचारलं. हातातला बदाम त्यांनी खाली केला होता. "चुकलं का माझं काही?"

लतिकाबाईंनी रेघेची बाजू खाली केली आणि सुई बदामातून आरपार काढली.

"छे," त्या म्हणाल्या. "सगळे माझेच आहेत."