सहा मैलांचा दांडा

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बोरदरा स्टेशनातून पहिली खास गाडी सुटली. तिच्याबरोबर मीही गेलो. मी जायला नको होते.

त्या दिवशी सोमवार होता, १३ सप्टेंबर १९४३. सीना नदीला पूर आल्याने मोठ्या लाइनीचा पूल रविवारपासून बंद होता. सोलापूरमार्गे हैदराबादेकडे जाणाऱ्या उतारूंना कुर्डुवाडीला उतरवायचे, आमच्या छोट्या लाइनीने लातूरला न्यायचे आणि तिथून मोटारींनी निजाम सरकारच्या रेल्वेपर्यंत पोहोचवायचे, असे ठरले होते. त्यासाठी दोन खास गाड्या निघाल्या. दोन्ही एकाच दिशेने, एकीमागे एक. घोळ त्यातूनच झाला.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी दांडा आहे. शिसवाचा, दीड फुटाचा, मधोमध पितळी कडे असलेला. कड्यावर दोन नावे कोरली आहेत, बोरदरा आणि तांबडवाडी. येडशीच्या पुढची ही दोन लहान स्टेशने. त्यांच्यामध्ये सहा मैल एकेरी रूळ. मी ज्या ड्रायव्हरच्या हातात असेन, त्यालाच त्या सहा मैलांत गाडी घालता येई. मी एकच होतो, म्हणून तिथे गाडीही एकच असे. दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर होऊ नये, यासाठी माझा जन्म. एका सुताराने मला दोन दिवस घासले आणि तिसऱ्या दिवशी तेलात बुडवून ठेवले. लहानपण म्हणून मला एवढेच आठवते.

कामाला लागल्यापासून त्या सहा मैलांपलीकडे मी काही पाहिले नाही. तांबडवाडीला ड्रायव्हर मला खाली देई आणि पुढे निघून जाई. गाडी वळणाआड गेली, की थोडा वेळ शिट्टी ऐकू येई. पुढे ढोकी आहे, मुरूड आहे, लातूर आहे, हे मी नुसते ऐकून होतो. एकदा तरी कुणी विसरून मला पुढे न्यावे, असे फार वाटे. दांड्याने अशी इच्छा धरणे बरे नव्हे. पण ती होती.

बोरदऱ्याचे स्टेशनमास्तर नारायणराव माझे पितळी कडे दर शनिवारी स्वतः चिंचेने घासत. तपासणीला आलेल्या साहेबाने एकदा मला हातात फिरवून पाहिले आणि वहीत चांगला शेरा लिहिला. अकरा वर्षांत नारायणरावांचा हात एकदाही चुकला नव्हता. गाडी आली, दांडा दिला, गाडी गेली. दर वेळी तेच करायचे, म्हणून तो हात डोक्याला विचारायचा थांबला होता.

त्या सोमवारी मात्र वेगळे करायचे होते. दोन गाड्या एकाच दिशेने जायच्या असतील, तर पहिल्या ड्रायव्हरला मला नुसते दाखवायचे आणि कागदी परवाना द्यायचा. पहिली गाडी पुढच्या स्टेशनात पोहोचल्याची तार आली, की दुसऱ्या गाडीबरोबर मला पाठवायचे. परवान्यांची पेटी माझ्याच टोकाला असलेल्या चावीच्या दातांनी उघडे. हा नियम नारायणरावांनी सकाळी सांधे बदलणाऱ्या पॉइंटमन ईरण्णाला वाचूनही दाखवला होता.

पहिली गाडी आली तेव्हा डब्यांच्या पायऱ्यांवरसुद्धा माणसे होती. कुणी पाणी मागत होते, कुणी लातूर आले का म्हणून विचारत होते. ड्रायव्हरने हात खाली केला. नारायणरावांच्या हाताने मला त्यात ठेवले. गाडी फलाटाबाहेर पडल्यावर त्यांची नजर पेटीकडे गेली. पेटी बंद, आणि ती उघडणारा मी इंजिनात.

दुसरी गाडी अकरा चाळीसला बोरदऱ्यात येऊन उभी राहिली. त्याच सुमारास मी तांबडवाडीला उतरलो. मला परत पाठवा, अशी तार माझ्या आधी तिथे पोहोचली होती. तिथली ढकलगाडी पावसामुळे दूर रूळ तपासायला गेली होती. म्हणून बिभीषण नावाच्या गँगमनने मला घोंगड्याखाली घेतले आणि तो पायी निघाला.

“रोज इंजनात बसून जातूस,” वाटेत तो मला म्हणाला. “आज चालत चल. म्हंजी कळंल सा मैल किती असत्यात.”

खरेच कळले. इंजिनातून जे सहा मैल धूर आणि खडखडाट होते, त्यात टिटव्या होत्या, तुरीचा वास होता. एका ओढ्याजवळ रुळाखालची खडी वाहून गेली होती. बिभीषण थांबला. घाई आहे हे त्याला ठाऊक होते, पण उघडा रूळ ओलांडून पुढे जाणे त्याच्या पायांना जमले नाही. त्याने मला कोरड्या दगडावर ठेवले, हातांनी खडी ओढून आणली आणि दगडाने ठोकून बसवली. अर्धा तास गेला. मला त्या वेळी उशिराचे काही वाटले नाही. मला ती वाट आवडली होती. बोरदऱ्यात कोण वाट पाहते आहे, हे मला माहीत नव्हते.

ते ईरण्णाने पुढे अनेकदा सांगितले. दुसऱ्या गाडीत परंड्याकडच्या सोनारीची लक्ष्मम्मा होती. तिचा मुलगा वीरभद्र सिकंदराबादच्या पलटणीत होता. त्याची रजा संपली होती आणि ती त्याला कुर्डुवाडीपर्यंत पोहोचवायला आली होती. पावसात भिजू नये म्हणून त्याने रजेचा कागद पत्र्याच्या डबीत घालून तिच्या गाठोड्यात ठेवला होता. गर्दीत तो पहिल्या गाडीत चढला. गाडी हलल्यावर डबी तिच्या हाताला लागली. ती तशीच धावत दुसऱ्या गाडीत बसली. मंगळवारी संध्याकाळी त्याला हजर व्हायचे होते. कागद नसेल तर पळालेला शिपाई म्हणून धरतात, असे त्यानेच तिला सांगितले होते. लातूरहून मोटारी तीन वाजता सुटणार होत्या.

लक्ष्मम्माचे माहेर अक्कलकोटकडचे. ईरण्णा तिच्याशी कानडीत बोलून तिला धीर देत होता. बाकीचे उतारू नारायणरावांची चेष्टा करत होते. एका म्हाताऱ्याने तर आपली काठी पुढे केली आणि लाकूडच हवे असेल तर हे घ्या म्हणाला. सगळे हसले. लक्ष्मम्मा हसली नाही. ती नारायणरावांसमोर जाऊन उभी राहिली.

“मास्तरसायब, तुमची गाडी हितं अन् लाकूड तिकडं. माझा कागुद हितं अन् ल्योक तिकडं. तुमची माझी गत एकच झाली की.”

“आजी, चूक माझी आहे,” नारायणराव म्हणाले. “पण दांड्याशिवाय गाडी सोडली, तर ती दुसरी चूक होईल.”

त्यांनी वीरभद्रासाठी लातूरला तार केली. ती कुणी त्याच्यापर्यंत पोहोचवली का, याचे उत्तर आले नाही.

मी बोरदऱ्यात पोहोचलो तेव्हा दोन वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. बिभीषण गुडघ्यापर्यंत चिखलाने भरला होता. एवढा वेळ का लागला, असे ईरण्णाने विचारले. बिभीषणाने लक्ष्मम्माच्या हातातली डबी पाहिली आणि उत्तर तिलाच दिले.

“अव्वा, अर्धा घंटा म्या खाल्ला. पर रूळ उघडा पडला व्हता.”

“बरं केलंस,” ती म्हणाली. “त्याच रुळावरनं मला जायाचंय.”

दोन चाळीसला गाडी सुटली. या वेळी नारायणरावांनी मला दोन्ही हातांनी दिले. ओढ्याजवळ गाडी अगदी हळू गेली, पण गेली. तांबडवाडीला ड्रायव्हरने मला खाली दिले. तिसऱ्या डब्याच्या खिडकीत लक्ष्मम्मा डबी छातीशी धरून बसली होती. लातूर अजून किती राहिले, असे तिने हमालाला विचारले. त्याचे उत्तर इंजिनाच्या आवाजात बुडाले. गाडी वळणाआड गेली. पुढे जावे असे मला आयुष्यात कधी वाटले नव्हते इतके त्या दिवशी वाटले.

शुक्रवारी मोठी लाइन सुरू झाली आणि ते उतारू पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. नारायणरावांनी आपली चूक स्वतःच्या अक्षरात लिहून वर पाठवली. महिन्याभरात त्यांची बदली झाली. ईरण्णा कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीत लक्ष्मम्माला शोधत असे. ती दिसली नाही. कदाचित ती मोठ्या लाइनीने परतली असेल.

पुढे स्टेशनात नवी यंत्रे आली आणि माझे नाव वहीतून कमी झाले. ईरण्णाने मला घरी नेले. आता मी त्याच्या घरच्या खिडकीला टेकू आहे. कडे हिरवे पडले आहे. माझ्यावर काय लिहिले आहे, हे बऱ्याच वर्षांत कुणी वाचलेले नाही.

मित्रांनो, घरात एखादी जुनी वस्तू दिसली, तर ती टाकण्याआधी पुसून पाहा. तिच्यावर एखादे नाव निघेल. आणि तुमचा हात कामात तरबेज झाला, की रोजच्यापेक्षा वेगळ्या दिवशी त्याला क्षणभर थांबवा. तरबेज हातच विचारायला विसरतो.

त्याच वर्षी डिसेंबरात ईरण्णा स्वतः लातूरला गेला आणि मोटारींच्या अड्ड्यावर चौकशी करून आला. त्याला कळले ते असे. त्या सोमवारी तीन मोटारी तीनच्या ठोक्याला सुटल्या. दुसरी खास गाडी पाच वाजून पंचवीस मिनिटांनी आली. चौथी मोटार चाक निखळल्याने मागे राहिली होती आणि तिच्यात काही शिपाई बसून होते. ती मोटार पाच पंचवीसच्या आधी सुटली की नंतर, हे तिथे कुणालाच आठवत नव्हते.