बेट उरेल का

मार्गशीर्षातली धवल-धूसर सकाळ. निफाडच्या द्राक्षमळ्यांवर दहिवर, गोदाकाठावर धुकं, आणि शर्वाणीच्या खिडकीत खोबरेल तेलाची बाटली. नितळ तेलात गोठलेलं एक शुभ्र, निश्चल बेट.

अशाच एका बाटलीपाशी तिचा संसार सुरू झाला होता. ती आणि निरंजन, दोघंही गणिती. त्या बेटाचा कण न् कण शेजारच्याच नव्हे, दूर-सुदूरच्या कणांच्याही ओढीने बांधलेला. अनंत काळ लोटला, तर बेट उरेल का? उरेल, असं दोघांनी मिळून सिद्ध केलं, आणि ते गणिताच्या मासिकात छापूनही आलं. जवळचं तिने मांडलं, दूरचं त्याने. आणि एकमेकांचा भाग तपासायचा नाही, असं लग्नाच्या मांडवातच ठरवून टाकलं. विश्वास म्हणे! गणितात असतो का कुठे असला विश्वास?

पुढे नोकरीने निरंजनला गुवाहाटीला नेलं. ऋतू ओसरले, बोलणं ओसरलं. सणवार गेले, दुखणीखुपणी गेली, रुसवेसुद्धा गेले. उरलं ते दर रविवारी फोनवर सिद्धान्ताबद्दलचं बोलणं. तेवढ्यावर ती तग धरून होती, वेडी!

आज तिने शपथ मोडली. विद्यार्थ्यांना शिकवायचं म्हणून त्याचा भाग वाचायला घेतला, आणि हातातली पेन्सिल जागीच थांबली. दूरची ओढ निरंजनने नगण्य म्हणून सोडून दिली होती. ती धरली, तर तीच बेटाला झिजवत होती; बेट उरत नव्हतं. हळूहळू, फार हळूहळू, पण उरत नव्हतं.

तिने फोन लावला.

"निरंजन, दूरचं सगळं तू शून्य धरलंस."

तो म्हणाला, "माहीत आहे मला. गेल्या दिवाळीच्याही आधीपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर रविवारी काय बोललो असतो गं आपण?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे दया! दर रविवारी हा माणूस तिच्या ओंजळीत भीक घालत होता, आणि ती ते प्रेम समजून जपत होती. प्रेम आटलं असतं, तर तिने सोसलं असतं. हे तिला सोसवेना.

"चूक आजच कळवते मी मासिकाला," ती म्हणाली.

"आणि मग?"

"मग काय? मग काही नाही."

ऊन खिडकीत उतरलं. बाटलीतलं बेट कडेकडेने झिजलं, झिजत झिजत नखाएवढं झालं. बाटली सावलीत सरकवायला तिने हात पुढे केला, आणि मागे घेतला. शुभ्र ठिपका विरला. मग नितळ, नुसतं नितळ, आणि त्या नितळात कुठेच काही नाही.