दहा स्पष्ट फोटो

पडद्यावर एका मुलीचा चेहरा होता. म्हणजे चेहरा असावा, असं वाटत होतं. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, काही कळत नव्हतं. मंचावरच्या काळ्या कोटातल्या गृहस्थांनी डोळे मिटले, एक बटण दाबलं, आणि धुकं विरावं तशी ती मुलगी वर आली. पापणीचे केस मोजून घ्यावेत इतकी स्वच्छ.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला.

"कॅमेरा विसरत नाही!" गृहस्थ गरजले. "विसरतो माणूस! फोटोच्या पोटात मूळ रूप झोपलेलं असतं. आमचं 'मूळरूप' त्याला फक्त हाक मारतं."

छायाचित्र मंडळातले लोक या गृहस्थांना कौतुकाने पिक्सेलबाबा म्हणत. बाबा सॉफ्टवेअर विकत. वर्षाची वर्गणी एका बऱ्यापैकी लेन्सच्या किमतीइतकी, आणि ती दर वर्षी भरायची.

"पण फुकट मिळतात त्या प्रोग्रॅमचं काय?" कुणीतरी विचारलं.

"फुकटच्या चपला घाला, पायाला फोड येतात. फुकटचं सॉफ्टवेअर वापरा, फोटोला येतात!"

हॉल हसला. दुसऱ्या रांगेतले एक्सरेकाका हसले नाहीत. चौतीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढून ते निवृत्त झाले होते. आठ महिन्यांपूर्वी बायको गेली. घर खायला उठायचं, म्हणून सकाळी कॅमेरा घेऊन बाहेर पडायची सवय लागली होती. आपल्या जुन्या लॅपटॉपवर चालेल असं स्वस्तातलं एखादं सॉफ्टवेअर कुणी सुचवावं, एवढ्यासाठी ते आले होते.

त्यांची मेव्हणी मात्र वेगळ्याच कारणाने आली होती. तिने पर्समधून एक फोटो काढला आणि सरळ मंचावर गेली.

तो बायकोचा शेवटचा फोटो होता. गच्चीवर कपडे वाळत घालताना तिने वळून पाहिलं आणि काकांनी बटण दाबलं. उजेड उतरला होता, नेमकी तिची मान हलली. चेहऱ्याच्या जागी नुसता एक फराटा. इस्पितळात असं झालं की ते म्हणायचे, "हललात, परत काढू या." हा परत काढता येत नव्हता. पंधरा दिवसांत ती गेली.

"ताईचा चेहरा परत येईल?" मेव्हणीचा आवाज चिरकला.

"येईल म्हणजे काय, यायचीच वाट पाहतोय!" बाबा म्हणाले. "फक्त सॉफ्टवेअरला माणसाची ओळख पटावी लागते. दहा स्पष्ट फोटो द्या. एक आठवडा ते एकाग्र होईल."

"यंत्र एकाग्र होतं?" काकांनी हळूच विचारलं.

"तुमच्यासारखं शंका घेत बसत नाही, म्हणून होतं," मंडळाचे अध्यक्ष मागून म्हणाले. त्यांचं औषधांचं दुकान होतं आणि 'मूळरूप'चं पहिलं गिऱ्हाईक मीच, हे ते प्रत्येकाला ऐकवत.

पुढच्या रविवारी ती पडद्यावर आली.

गच्ची तीच, दोरी तीच, साडी तीच. आणि फराट्याच्या जागी ती. हसरी, डोळ्यांत चमक. मेव्हणी ओक्साबोक्शी रडली.  हे खोटं ठरू नये, असं काकांनाही मनापासून वाटलं.

मग त्यांची नजर भुवईवर गेली.

"अगं," घरी जाताना ते म्हणाले, "तिच्या भुवईवरचा व्रण कुठल्या बाजूला होता?"

"उजव्या. मीच तर ढकललं होतं तिला कपाटावर. जन्मभर ऐकवलं तिने."

"या फोटोत डाव्या बाजूला आहे."

"कॅमेऱ्यात उलटंच दिसतं भाऊजी."

"उलटं आरशात दिसतं, कॅमेऱ्यात नाही. एक्स-रेची प्लेट उलटी लागली तर धडधाकट पायाला प्लास्टर घालतील, म्हणून आम्ही प्रत्येक प्लेटवर डावं-उजवं लिहायचो. एवढी एक गोष्ट मला कळते."

"तुम्हाला ना, काही चांगलं बघवतच नाही," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी काकांनी बाबांना दिलेले दहाही फोटो मांडले. सहाव्यात बायको अशीच हसत होती, पण डावीकडे बघून. गच्चीवर तिने उजवीकडे पाहिलं होतं. त्यांनी फोटोच्या दुकानातून हा सहावा आणि बाबांनी करून दिलेला नवा, असे दोन्ही चेहरे पातळ कागदावर एका मापात छापून आणले. सहावा पालथा करून नव्यावर ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या काचेला लावले. चौतीस वर्षं प्लेट उजेडावर धरून पाहिली, तशीच. ओठावर ओठ बसला. डोळ्यावर डोळा. कपाळावर आलेली बट बटेवर.

वेगवेगळ्या दिवशी माणूस केसागणिक तसाच हसत नाही.

त्यांनी मेव्हणीला बोलावलं. "एका कागदावर पाच आकडी संख्या लिही. मला दाखवू नकोस. भिंतीवर लाव, मी फोटो काढतो, आणि कागद पाकिटात बंद करून तुझ्याकडेच ठेव. बाबांनी संख्या सांगितली तर मी तुझी माफी मागेन, वर्गणीही भरेन."

"भराच तुम्ही!" ती म्हणाली आणि कागद हाताच्या आडोशाने लिहिला. काकांनी नजर वळवूनच बटण दाबलं, मुद्दाम हात हलवून.

तिसऱ्या रविवारी वर्गणी घ्यायचं टेबल दारातच मांडलं होतं. काकांनी फोटो मंचावर ठेवला. पडद्यावर पाच काळे फराटे दिसले.

"यातली संख्या तेवढी वाचून दाखवा."

बाबांनी फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला. "आकड्यांत भाव नसतो हो. 'मूळरूप' भावावर चालतं."

"माझ्या दुकानाच्या पाटीचा पुसट फोटो स्पष्ट करून देतो म्हणाला होतात ना?" अध्यक्ष म्हणाले. "पाटीत कसला भाव?"

कुणीतरी खुदकन हसलं. बाबांच्या कपाळावर घाम दिसू लागला. "बरं. करू. आठवडा लागेल. आणि नियमाप्रमाणे या कागदाचे दहा स्पष्ट फोटो आणून द्या."

 मग मेव्हणी उठली. पाकीट तिच्या मुठीत चुरगळलं होतं.

"स्पष्ट फोटो असता," ती म्हणाली, "तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

हॉलमध्ये हशा पिकला. ती हसत नव्हती.

काका खिडकीशी गेले आणि दोन्ही कागद काचेला लावले. "या, सगळ्यांनी बघा. हा चेहरा हललेल्या फोटोतून आलेला नाही. आम्हीच दिलेला फोटो उलटा करून वर चिकटवलाय."

"आणि ती पहिली मुलगी?" अध्यक्षांनी विचारलं.

"स्पष्ट फोटो पुसट करायला काही विद्या लागत नाही. पुसट आधी दाखवायचा, स्पष्ट नंतर. झाला चमत्कार."

"मी लोकांना समाधान देतो!" बाबा ओरडले. "या बाई रडल्या, ते काय खोटं होतं?"

"रडणं खरं होतं," काका म्हणाले. "म्हणून तर तुमचा राग येतो."

बाबा लॅपटॉप काखेत मारून जिना उतरले. वर्गणीचं टेबल अध्यक्षांनीच आवरलं, मान खाली घालून.

मेव्हणी घरी आली, ती फुगूनच. "खोटा का होईना, चेहरा होता. आता पुन्हा फराटाच."

काकांनी लॅपटॉप पुढे ओढला. त्यावर त्यांनी एक फुकटचा साधा प्रोग्रॅम घेतला होता. त्यात कॅमेऱ्यातली मूळ फाइल उघडली. चेहरा हलला होता तो हललाच राहिला. पण फोटोचा खालचा भाग हलला नव्हता, नुसता काळोखात होता. काकांनी अंधारा भाग उजळायची पट्टी हळूहळू सरकवली. साडीच्या निऱ्या दिसल्या. मग हात दिसला. मुठीत काहीतरी काळं, गोल.

"लेन्सचं झाकण," काका म्हणाले. "मी घरभर शोधत होतो. हिने लपवलं होतं. म्हणून हसत होती."

मेव्हणी पुढे वाकली. बराच वेळ ती त्या मुठीकडे बघत राहिली.

अंधारात जे होतं ते साध्या प्रोग्रॅमनेही बाहेर काढलं. कॅमेऱ्यात जे उतरलंच नाही, ते महागडं सॉफ्टवेअर खरंखुरं परत आणू शकत नाही. ते नवं रचतं, नाहीतर दुसरीकडून उचलतं. तेव्हा सॉफ्टवेअर घेताना विकणाऱ्याचे फोटो पाहू नका. आपला फोटो द्या, तोही असा, ज्याचं उत्तर फक्त तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या यंत्रावर चालतं का, वर्गणी थांबवली तर आपले फोटो आपल्या हातात राहतात का, हे विचारा. आणि कुणी तुमचं गेलेलं माणूस परत आणून दाखवलं, तर रडून घ्या. मग डोळे पुसा आणि विचारा, कुठून आणलंत?