छताला लावलेला भोंगा

सलग आठव्या दिवशी सारंग डोकं धरून घरी आला, तेव्हा केतकीने आधी त्याचा शर्ट हुंगला. दारूचा वास नव्हता. मग बॅग उचकली. डोकेदुखीच्या गोळ्यांच्या दोन रिकाम्या पट्ट्या निघाल्या. दहा महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊन ती हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या त्या दोन खोल्यांत त्याच्यावर चोरावर ठेवावी तशी नजर ठेवून होती.

त्याला सोडायला कारखान्याचे फोरमन दत्तोबा आले होते. लसीचा कच्चा माल ठेवायची उणे पन्नास अंशांची खोली त्यांच्या ताब्यात. महिन्यापूर्वी शेजारच्या यंत्रखोलीत ती गार ठेवणारं परदेशी यंत्र बसलं होतं, अमोनियाऐवजी कार्बन डायऑक्साइडवर चालणारं.

"गॅस गळत असणार," केतकी म्हणाली.

"झालं सुरू!" सारंग कण्हला. "हिला दुधात पाणी नाही, थेट विषच दिसतं."

"फिकर नक्को, बाई," दत्तोबा चहा फुंकत हसले. "गळला की भोंगा बोंबलतो. मी सोता लावलाय, छताला. पंचवीस वर्षं अमोनियात गेली माझी. गॅस वर जातो, नाकाला झोंबतो. इथं तर वासच नाही!"

"याला वास नसतोच. सारंग, तू कुठे बसतोस?"

"यंत्रखोलीत, खाली जमिनीवर, पंपाशी. का?"

केतकीने लेक त्याच्या मांडीवर दिली. खोल पातेल्यात एक बुटकी, एक उंच मेणबत्ती उभी करून पेटवली, तळाशी खायचा सोडा टाकून वर चार लिंबं पिळली. फसफस झाली. "हाच तो गॅस." दत्तोबा वाकून बघू लागले. बुटकी फडफडली, विझली. उंच मात्र निवांत जळत होती.

"भोंगा या वरच्या ज्योतीपाशी आहे," ती म्हणाली. "माणूस खालच्या."

दत्तोबांनी कप तसाच खाली ठेवला. "फोन कुठाय?"

कारखान्यात पाळीवर असलेल्या मुकुंदरावांना दत्तोबांनी फोन लावला. "यंत्रखोलीत कुणी बसू नका. दार उघडा, पंखा लावा. भोंगा काढून दोरीनं खाली सोडा, गुडघ्याएवढा. हौ, हौ, मीच लावला होता वर. आता मीच सांगतोय ना!"

फोन त्यांनी कानाला धरूनच ठेवला. मग रिसीव्हरमधून असा कर्कश आवाज आला की लेक दचकून रडायला लागली.

सारंग उठला, चपला शोधू लागला.

"बस," केतकी म्हणाली. "आधी डॉक्टर."