फटीतला लाल कण

मित्रांनो, माझ्या पोटात बोटभर लांब एक फट आहे आणि ती लाखेने भरलेली आहे. मी सागाची जुनी काठवट. माझी सगळी गोष्ट त्या फटीचीच आहे.

सुताराने मला कोरलं ते भाकरीचं पीठ मळायला. पण मी गेले सोनं धुणाऱ्या गोदाबाईच्या हाती. इतवारा बाजारात तारकशीवाले सोन्याची तार ओढत. त्यांच्या दुकानांतला केर गोदाबाई तापीच्या राजघाटावर आणून माझ्यात धुवायची. पाण्यात मला गोल गोल फिरवायची. हलकी माती वाहून जायची, जड सोनं माझ्या तळाशी बसायचं. तापीची वाळूही ती तशीच धुवायची आणि धुताना गुणगुणायची,

हलकं असंल ते जाऊ दे पाण्यासंगं,
जड असंल ते, बाई, राहू दे माझ्यासंगं.

तिच्या लोकांत एक रिवाज होता. काठवट कधी खरवडायची नाही. लाकडाच्या रेषांत अडकला तो कण काठवटीचा वाटा. त्या वाट्याचा मला फार अभिमान होता.

मग देश स्वतंत्र झाला, संस्थानं विलीन होऊ लागली आणि तुकड्यातुकड्यांचे नकाशे जोडायची कामं निघाली. त्या कामावर नागपूरहून खडकांचे नकाशे करणारे विनायकराव आले. त्यांना सोनं नको होतं. सोनं वेचल्यावर गोदाबाई जी काळी-तांबडी वाळू फेकून द्यायची, ती त्यांना हवी होती.

"हा काळा कण इथल्याच काळ्या खडकाचा," ते भिंगातून बघत म्हणाले. "आणि हा लाल आहे ना बाई, हा तामडा. तो या खडकात नसतो. तापीने तो वर बैतुलाकडच्या फार जुन्या खडकातून आणलाय. मला सगळे डोंगर चढायची गरज नाही. नदी त्यांची खबर खाली आणून देते."

"म्हंजे नदी डोंगराची चुगली करते म्हना की," गोदाबाई म्हणाली.

विनायकराव हसले आणि त्यांनी तिला कामावर ठेवलं. पण त्यांच्या पेटीतून आणखी कोणीतरी निघालं. एनॅमलची पांढरीशुभ्र थाळी, काठाला निळी रेघ. गोदाबाईने त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"किती गोरी हाय बया," ती म्हणाली.

मित्रांनो, त्याच दिवशी मी तडकले. ऊन कडक होतं, हे खरं. पण ऊन मी आधीही सोसलं होतं.

आता धुवायची मी आणि मिरवायची ती. माझ्यातले कण शेवटी तिच्यात ओतत. पांढऱ्यावर लाल ठिपका कसा उठून दिसे. "वा," विनायकराव म्हणत, आणि ते थाळीकडे बघून म्हणत. मग मीही हट्टाला पेटले. तापीचे काही लाल कण माझ्या नव्या फटीत शिरले, ते मी दाबून धरले. हे तरी त्या गोरीला मिळू द्यायचे नाहीत.

पुढच्या आठवड्यात साहेबांचा गाडीवान सुकलाल याच्या गाडीतून आम्ही उतावळीवर गेलो. ही छोटी नदी जवळच्याच काळ्या डोंगरांतली. गोदाबाईने रिवाजाप्रमाणे मला न खरवडता पाण्यात घातलं. पाण्याने फट भिजली, हिसके बसले आणि माझी मूठ सुटली. थाळीत ओतलं तेव्हा काळ्या वाळूत पाच लाल कण चमकले.

विनायकराव उभेच राहिले. "उतावळीत तामडा? मग या डोंगरात जुना खडक असलाच पाहिजे." त्यांनी नकाशावर त्या डोंगराला लाल रंग दिला. नकाशा दुसऱ्या दिवशी नागपूरला जायचा होता. मी फुलून गेले. जे थाळीला जमलं नव्हतं, ते मी दिलं होतं.

संध्याकाळी गोदाबाईने मला दगडावर पालथं घालून थोपटलं. फटीतून आणखी दोन लाल कण पडले. ती त्यांच्याकडे बघत बसली.

"हे तापीचे," ती हळूच म्हणाली.

"मावशी, गप बसा," सुकलाल म्हणाला. "साहेब खुश हायेत. सांगाल तर ह्या लाकडासंगं तुमची पन छुट्टी."

"आन् नसलेला पहाड नकाशात उभा र्‍हाऊ देऊ?"

ती दोन्ही कण तळहातावर घेऊन तंबूत गेली. विनायकरावांनी ऐकलं आणि ते कण भिंगाखाली धरले. मग पात्याने त्यांनी तो लाल रंग खरवडून काढला.

"उद्या पुन्हा धुऊ," ते म्हणाले. "काठवट राहू द्या. तुम्ही मात्र या. असं खरं सांगणारं माणूस मला कुठे मिळणार?"

दुसऱ्या दिवशी मी काठावर पालथी पडले होते. पाण्यात गोदाबाईचे हात होते आणि हातांत ती थाळी. तेच गाणं, तेच गोल गोल. लाल कण एकही निघाला नाही. मला वाटलं होतं, थाळी माझी जागा घेईल. जागा माझी मीच घालवली होती.

घरी आल्यावर गोदाबाईने आयुष्यात पहिल्यांदा मला खरवडलं. कडुनिंबाची काडी फटीत फिरवली, मग लाख वितळवून भरली. "आता खोटं नको बोलू गं," ती म्हणाली, आणि तिने मला पुन्हा राजघाटावर नेलं. तापीपुरती का होईना, मी तिची राहिले.

मित्रांनो, एका नदीची वाळू धुतलेलं भांडं दुसरीकडे न्याल, तेव्हा त्याच्या फटी आधी साफ करा. माझ्या लाखेखाली एक तामडा अजून आहे, काडीला न सापडलेला. गोदाबाई थाळीला हात लावते, तेव्हा तो मला टोचतो. पण आता मी त्याला बाहेर पडू देत नाही.