वरची पानं

ठिपका काही पुसला जात नव्हता. तिनं अंगठ्यानं घासून पाहिला, मग ओल्या बोटानं… बाहीला चिकटून घरात आलेलं सोयाबीनचं एक पान, आणि त्यावर चहा उडावा तसे तपकिरी शिंतोडे. चिखल असेल, मळ असेल, असं म्हणत म्हणत तिनं पान उलटं केलं, ते निव्वळ सवयीनं. शिवणकामात एवढी वर्षं गेल्यावर हातात काहीही आलं की बोटं आपसूक त्याची उलटी बाजू शोधतात, शिवण खरी कशी आहे ते तिथंच कळतं… आणि उलट्या बाजूला पुरळ होतं. बारीक, उठावदार. बोट फिरवलं तर जुन्या कडीचा गंज लागावा तशी भुकटी लागली.

मी काय ओळखणार शेतातलं? मी इथं आले ती दादाला सांभाळायला — डोळ्यांत थेंब घालायचे, जेवण द्यायचं, शेतातली मोटार बंद करून यायची, बस्स. पण भुकटी बोटावर होती आणि ती धुवावीशी वाटेना. धुतली की आपण काही पाहिलंच नाही, असं म्हणायला आपण मोकळ्या होऊ, हे तिला स्वतःबद्दल नीट माहीत होतं.

दादा खोलीत पालथा पडला होता, कपाळ उशीच्या खोबणीत, तोंड जमिनीकडे. त्याच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. तो पुन्हा बसावा म्हणून डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला होता, आणि तो बुडबुडा पडद्याला टेकून राहावा म्हणून हे असं पालथं पडणं. बुडबुडा विरेपर्यंत काही दिसणार नव्हतं. विरल्यावर किती दिसेल, ते डॉक्टरही सांगत नव्हते. डावा डोळा तर लहानपणापासून नावापुरताच. पहिल्या दिवशी तो म्हणाला होता, "फरशीशी इतकं बोलतोय की आता ही मला उलट उत्तर देईल." दोघं हसली होती. मग ते हसूही संपलं…

"दादा, पानावर ठिपके आलेत."

"वरून की खालून?"

"खालून जास्त. हाताला भुकटी लागते."

 पालथ्या माणसाचा चेहरा पाठीवरून वाचावा लागतो. पाठ ताठ झाली होती.

"झाडाची कुठली पानं?"

"बुडाकडची, मघाशी मोटार बंद करताना दिसली होती. वरची छान आहेत, हिरवीगार."

"मग जून झाली असतील. पिकतात खालची पानं. थांब थोडे दिवस, बुडबुडा विरू दे, मग मीच बघतो."

थांब थोडे दिवस. हा आवाज तिनं ऐकला होता. फोनवर, शिवणयंत्र चालू असताना — "अगं, डोळ्यापुढे काजळी तरंगल्यासारखं वाटतंय, जाईल आपोआप, थोडे दिवस थांबू." आणि तो थांबला होता, काजळीचा पडदा झाला, पडद्याची भिंत झाली, तरी थांबला होता. कारण डॉक्टरांना नुसतं दाखवायला गेलं तरी काहीतरी निघतं आणि नाही गेलं तर काहीच निघत नाही, असा त्याचा हिशेब. वहिनी असती तर हाताला धरून नेलं असतं. वहिनी गेल्यापासून त्याला ओढून नेणारं कुणी उरलं नव्हतं…

"डोळ्याच्या वेळीही असंच म्हणाला होतास," ती बोलून गेली.

शब्द तोंडातून सुटले आणि तिला जीभ चावावीशी वाटली. काय गरज होती? आडव्या पडलेल्या माणसाला? ती वळली, दारापर्यंत गेली, तेव्हा जमिनीकडून आवाज आला —

"छोटे, पान पिशवीत घाल. ओलं राहू दे. सल्लागार बाईंकडे ने."

शेतीच्या सल्लागार बाई बियाण्यांच्या दुकानातच एका कोपऱ्यात बसत. त्यांनी पान भिंगाखाली धरलं, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहताना तिला डोळ्यांच्या दवाखान्यातला तो अंधारलेला कक्ष आठवला, ती यंत्रावर टेकलेली दादाची हनुवटी, डॉक्टरांचं पुन्हा पुन्हा भिंग बदलणं. त्या दिवशी ती काही विचारू शकली नव्हती. हातातली पर्स घट्ट धरून नुसती उभी राहिली होती.

"तांबेरा," बाई म्हणाल्या. "बुरशी आहे. शेंगा भरतायत ना? मग आत्ताच आलात ते बरं केलंत."

"ही पानं बरी होतील?"

"ही नाही. लागलेलं पान परत हिरवं होत नाही. बुरशीनाशक मारायचं ते वरच्या पानांसाठी, अजून लागलेलं नाही त्यांच्यासाठी. ती वाचली तर शेंगा भरतील."

"नक्की वाचतील?"

बाई हसल्या. "नक्की म्हणून कोण सांगणार? पण आज मारलंत तर शक्यता चांगली आहे. पाऊस आला तर धुऊन जाईल, तेवढं आभाळाकडे बघा. आणि पुढच्या फवारणीला मला विचारा, लगेच तेच औषध पुन्हा नको."

कुणीतरी तोंडावर 'माहीत नाही' म्हणतं आणि तरी पुढं काय करायचं ते सांगतं — यात एवढं हलकं वाटण्यासारखं काय होतं? रस्त्यानं परत येताना ती हे पुन्हा पुन्हा तपासत राहिली. आभाळ पश्चिमेकडे काळवंडलं होतं, डोक्यावर मोकळं होतं. थांबावं का उद्यापर्यंत? दादाला एकदा विचारावं का? विचारलं तर तो आभाळाचं कारण काढेल, आणि मलाही ते कारण हवंच आहे… रस्त्याच्या कडेला उभं राहून तिनं फवारणीवाल्याला फोन लावला. त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं.

"आत्ता येतो ताई!" तो ओरडला. तिनं फोन कानापासून लांब धरला.

दुपार कलल्यावर, वारा पडलेला असताना, भोंगा तोंडाला फडकं, हातात मोजे आणि पाठीवर मोटारीचा फवारणीपंप घेऊन घरामागच्या शेतात उतरला. तिनं घाईघाईनं दादाच्या खोलीची खिडकी लावून घेतली.

"उघडी ठेव," दादा म्हणाला.

"वास येईल. डोळ्याला त्रास होईल."

"मला ऐकायचंय."

"काचेतून ऐक."

तो हसला — पाठ हलली, म्हणजे हसलाच. मग दोघंही ऐकत राहिली. पंपाची घरघर जवळ आली, लांब गेली. दादानं पडल्या पडल्या एक बोट वर केलं.

"पळतोय तो. ऐक ना, आवाज किती लवकर बांधापाशी पोचला. त्याला म्हणावं, सावकाश. आणि फवारा वरून नको, खालून वर मार, पानाच्या पोटाला लागला पाहिजे."

ती धावत बाहेर गेली. "भोंगाभाऊ, सावकाश! पानाच्या पोटाला!"

"दादांना कसं कळलं हो?" तो थक्क होऊन ओरडला.

"ऐकू येतं त्यांना!" तीही ओरडली, आणि आपल्या ओरडण्याची तिलाच गंमत वाटली. दुसऱ्या फेरीत घरघर रेंगाळत गेली. ती आत आली तेव्हा दादाची पाठ सैल झाली होती.

भोंगा गेला. पश्चिमेचं काळं तिथंच होतं, पुढं आलं नव्हतं, हटलंही नव्हतं. बऱ्याच वेळानं, औषध वाळल्यावर, ती बांधापर्यंत जाऊन आली.

"सांग," दादा म्हणाला. "वरची पानं कशी दिसतात?"

ती सांगू लागली. आधी चाचरत, मग भराभर — शेंड्याची पानं कोवळी, थोडी लवदार, उन्हात मागून पाहिलं तर शिरा मोजता येतील अशी. मधली जाड, गडद. शेंगांवर सोनेरी लव. आणि खाली ती डागाळलेली, गळायला आलेली. काही लपवावंसं वाटलं नाही. तो मध्येच विचारत होता, ती पुन्हा आठवून सांगत होती, आणि सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की बुडबुडा विरेल त्या दिवसाची जी धास्ती ती इतके दिवस छातीशी घेऊन वावरत होती, ती आत्ताही आहे, गेलेली नाही… पण त्या धास्तीच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलंय, आणि दोन्हींना जागा पुरतेय.

"झोपलास का?"

"नाही. बघतोय," तो म्हणाला.

तिला एकाएकी सडकून भूक लागली. दवाखान्याच्या दिवसापासून जेवण म्हणजे उरकायचं काम झालं होतं. आज मात्र दोघांची ताटं वाढून घ्यावीत, त्याच्या पलंगाशी जमिनीवरच बसावं आणि पोटभर जेवावं, असं तिला वाटलं. बाहेर अंगणात एक थेंब पडल्यासारखा आवाज झाला — की पान गळलं? ती क्षणभर थबकली. मग खिडकीकडे न जाता स्वयंपाकघरात गेली.