एकवीस गाठींची दोरी

मी एक जुनी दोरी आहे. पळसाच्या मुळ्या ठेचून, वाख काढून, मांडीवर वळलेली. पण मित्रांनो, माझं कामाचं आयुष्य अवघ्या एकवीस दिवसांचं! ऐका.

गाठी एकवीस.
सातपुड्यातल्या काठी गावच्या दलसिंगने दोन सारख्या दोऱ्या वळल्या. एक स्वतःकडे ठेवली. मला बहिणीकडे, फुलीबाईकडे धाडलं. दोघांनी रोज सूर्य उगवला की एक गाठ सोडायची. शेवटची सुटेल त्या दिवशी काठीची होळी! फुलीबाईचा नवरा बाज्या नवस बोलला होता. तापातून लेक उठली, तर याच होळीला मोरपिसांचा टोप घालून नाचेन. लेक उठली होती. होळी चुकवून चालणार नव्हतं.

गाठी बारा.
तापीकाठचं ब्राह्मणपुरी गाव. गिरधरभाऊंच्या शेतात बाज्या-फुलीबाई विहीर खणत होते. काळा पाषाण फुटला आणि पाणी उसळलं! सारं गाव धावलं. सारं गाव प्यायलं. पण ही माणसं नर्मदेपलीकडच्या संस्थानातली, परवान्याच्या चिठ्ठीशिवाय आलेली. अशा माणसाला चावडीत कोंडत, ठेवून घेणाऱ्याला जाब विचारत. म्हणून गिरधरभाऊ सांगत, विहीर गावच्याच गड्यांनी खणली.

गाठी पाच.
शिपाई वाहरूने बाज्याला बाजारात धरलं.
"चिठ्ठी?"
"नाही, दादा."
बाज्या आत. मी त्याच्या कमरेला बांधलेली. मला काढून बाहेरच्या खुंटीवर टांगलं.

गाठी चार. गाठी तीन.
वाहरूच्या हाताला चाळा. दोन सकाळी विडी ओढता ओढता त्याने माझी एकेक गाठ सोडली. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

गाठी अजून तीनच.
चावडीपुढे गिरधरभाऊ मान खाली घालून उभे. त्यांची बायको धनुबाई कडाडली, "पानी गोड लागस ना तुमले? मंग त्यानं नाव लेवाले लाज कसानी?"
गिरधरभाऊंनी मान वर केली. "हाऊ मन्हा माणूस शे. मन्ही विहीर यानीच खंदी. काय जाब लेवाना तो मन्हाकडथून ल्या."
बाज्या सुटला!
फुलीबाईने मला खुंटीवरून ओढलं. "दोन दिवस कोणी गाठ सोडली नसेल," म्हणत तिने भराभर दोन सोडल्या.
"मोज तरी," बाज्या म्हणाला.
"दोरी असताना मोजायचं कशाला?"
मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

गाठ एक.
म्हणजे होळी उद्या! लेक पाठीशी बांधली आणि पळाले. तापीकाठचं रान मागे, सातपुडा समोर. चढ, ओढा, पुन्हा चढ!

गाठ नाही.
दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना काठी. ढोल नाही, माणसं नाहीत. दलसिंग निवांत अंगणात.
"होळी झाली?" बाज्याला श्वास पुरेना.
दलसिंगने आपली दोरी दाखवली. दोन गाठी. "वाघ मागे लागला होता का, पाहुणे?"
फुलीबाई मटकन बसली आणि हसत सुटली. बाज्याही. वर्षात पहिल्यांदा त्या दोघांना दोन दिवस मोकळे मिळाले होते. बाज्याने एकेक मोरपीस निवडून टोप बांधला. दलसिंगची शेवटची गाठ सुटली त्या रात्रीच्या पहाटे होळी पेटली, शेकडो घुंगरं उठली, आणि तो असा नाचला की लेक टाळ्या वाजवून दमली.

आता माझ्यात गाठ नाही. मी कशाच्या उपयोगाची नाही. तरी एक मागणं आहे, मित्रांनो. चिठ्ठी नसलेलं माणूस तुमच्या दारी आलं, तर सगळ्यात आधी एवढंच विचारा: तुला कुठे पोहोचायचंय, आणि कोणत्या दिवसापर्यंत?